द्वारकावयनी काय म्हणाली

हस्त नक्षत्र लागले की आमच्या खाडीकाठच्या भाताला एक वास येतो. दाणा अजून घट्ट झालेला नसतो. नखाने दाबला तर पांढरे दूध बाहेर येते. त्या दुधाचा, चिखलाचा आणि तोंडवलीच्या बाजूने येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याचा मिळून जो वास होतो, त्याचे वर्णन मला आजवर जमलेले नाही. जन्मभर शाळेत मुलांना ऋतूंवर निबंध लिहायला लावले, त्यांची वर्णने खोडली, सुधारली. पण हा वास कोणाच्या वहीत आला नाही. दहा वर्षांपूर्वीपर्यंत तो मला आवडत असे. आता तो आला की मी ओटीवरून उठतो आणि आतल्या खोलीत जाऊन बसतो.

यंदा वासापाठोपाठ विलास आला. विलास आमच्या गावच्या समितीचा अध्यक्ष आणि माझा एके काळचा विद्यार्थी. अक्षर चांगले, विचार घाईचे. खाडीच्या बांधावर जुन्या लाकडी उघाडीच्या जागी आता सिमेंटची उघाडी उभी राहिली आहे. तिच्या खांबावर काळ्या दगडाचा फलक बसवायचा आहे आणि फलकावर माझ्या वयनीचे नाव घालायचे आहे. द्वारकावयनी गेल्या फाल्गुनात गेली. नावाखाली तिचे म्हणून एक वाक्य कोरायचे ठरले आहे: 'माझे घर गेले तरी चालेल, गावाची जमीन राखा.' घरातला वडीलधारा म्हणून विलासला माझी संमती हवी होती. मी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हटले, "शुद्धलेखनाची एकही चूक नाही. पण वाक्य खोटे आहे." तो हसला. गुरुजींचे नेहमीचेच, असे त्याला वाटले असावे.

मी नेहमीच भांडतो, हे खरे आहे. परंतु या खेपेला कशासाठी भांडतो आहे, ते लिहून ठेवणे भाग आहे; कारण तोंडी सांगितलेले माझ्या गावात दुसऱ्या दिवशी ओळखू येत नाही.

घाटावरच्या वाचकाला आधी उघाडी सांगावी लागेल. खाडी आणि भातजमीन यांच्यामध्ये आमच्या पूर्वजांनी मातीचा लांब बांध घातला आणि त्याला एकच तोंड ठेवले. चिऱ्याचे दोन खांब, त्यांच्या खाचांत आडव्या सरकवलेल्या फळ्या, तीच उघाडी. भरती चढू लागली की फळ्या घालायच्या, फटींत चिखल लिंपायचा आणि खारे पाणी बाहेर रोखायचे. ओहोटी लागली की फळ्या काढून आत साठलेले पावसाचे पाणी खाडीत सोडायचे. हे काम आमच्या घराण्याकडे होते. वेळ काढण्याची रीत मात्र साऱ्या किनाऱ्याची. पंचांगातली तिथी घ्यावी, तिची पाऊणपट करावी, तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पाऊणकीचा पाढा मी शाळेत याच हिशेबावर शिकवला. आता भरतीची वेळ वर्तमानपत्रात छापून येते आणि तारकर्लीला उतरलेले पाहुणेसुद्धा ती आम्हाला सांगतात.

दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या वर्षी मी नुकताच निवृत्त झालो होतो. हस्ताने तीन दिवस उसंत दिली नव्हती. डोंगरावरचे सारे पाणी बांधाच्या आत येऊन साठले होते. भात गळ्यापर्यंत बुडाले होते आणि खालच्या वाडीत पाणी पायऱ्यांना लागले होते. इतर घरांचे चौथरे उंच. खोलगट जागी एकच घर होते, द्वारकावयनीचे. माझ्या थोरल्या भावाने ते स्वतः माती मळून, भिंतींचे थर चढवून बांधले होते. भाऊ जाऊन सहा वर्षे झाली होती, मुलगी सुनंदा वैभववाडीला दिलेली. वयनी तिथे एकटी राहत असे. ती लग्न होऊन आली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. तिच्या हातचे जेवून वाढलो. तरी रीतीप्रमाणे ती मला जन्मभर 'भावजी' आणि 'तुमी' म्हणाली. मी तिला 'तू'.

सकाळी नऊच्या सुमारास बांधावर तीस-चाळीस माणसे गोळा झाली. त्यांत भिवा होता. भिवा माझ्या वयाचा, एकाच वर्गात माझ्या शेजारी बसलेला आणि तेव्हापासून माझ्या प्रत्येक वाक्यापुढे 'पण' लावणारा. त्याच्या खांद्यावर कुदळ होती.

"गुरुजी, बांध फोडूया," तो म्हणाला. "तुझ्या ह्या भोकातसून पाणी जायसर खालची वाडी खाडीत जातली."

"साडेधा वाजता ओहोटी लागतली. फळयो काढतंय."

"आणि नाय लागली तर?"

"चवदस आसा. चौदाची पाऊणपट किती?"

"माका नको इचारू. मी तिसरीत नापास," भिवा म्हणाला, आणि माणसे हसली. त्या दिवशी त्यानंतर कोणी हसले नाही.

भिवाचे म्हणणे मूर्खपणाचे नव्हते, हे मी आज लिहून देतो. त्या दिवशी तोंडाने कबूल केले नव्हते. बांधाला वीस हातांचे भगदाड पाडले असते तर पाणी उतरू लागताच आतले सगळे घटकाभरात निघून गेले असते. उघाडीच्या अरुंद तोंडातून त्याला तीन-चार तास लागणार होते. पण भगदाड त्याच दिवशी बुजवता येत नाही. रात्रीची भरती त्यातून सरळ आत शिरली असती. आमच्या खारातले, म्हणजे खाडीलगतच्या जमिनीतले, भात थोडे खारेपण सोसते, पण दूध भरत असताना मुळाशी समुद्र उभा राहिला तर दाणा पोचट होतो. आणि एकदा मीठ जिरलेली जमीन तीन पावसाळे धुतल्याशिवाय पिकत नाही. एका बाजूला चाळीस घरांचा तीन वर्षांचा भात, दुसऱ्या बाजूला मातीचे एक घर. विलासच्या पिढीला हे गणित फार सोपे वाटते. घर त्यांच्या वयनीचे नव्हते.

साडेदहा वाजले. खांबावर मी खडूने केलेली खूण पाण्याखाली गेली. पाणी चढतच होते.

माझ्या धीराची गोष्ट गावात सांगतात. गुरुजी दगडासारखे उभे होते, त्यांना खाडीचे मन कळत होते, वगैरे. मी दगडासारखा उभा नव्हतो; चूक कुठे झाली ते शोधत होतो, आणि अकरा वाजता ती मला सापडली. तो सर्वपित्रीचा दिवस होता. सूर्योदयाला चतुर्दशी होती, म्हणून पंचांगाच्या त्या ओळीत चतुर्दशी. पण ती सकाळीच संपून अमावास्या लागली होती. श्राद्धाला दुपारची तिथी धरतात, म्हणून घरोघरी अमावास्येची पाने मांडली जात होती. माझ्याच घरी चुलीवर अमावास्येची खीर शिजत होती, आणि मी बांधावर उभा राहून चतुर्दशीची भरती मोजत होतो. पाऊणकी बरोबर होती. आकडा चुकीचा घेतला होता. त्यात पश्चिमेचा वारा खाडीचे पाणी तोंडाशी दाबून धरत होता. म्हणजे ओहोटी साडेदहाला नाही, सव्वाअकरालाही नाही. केव्हा ते मला ठाऊक नव्हते.

ही चूक मी कोणाला सांगितली नाही. ज्याची वेळ एकदा चुकली, त्याने पुन्हा 'थांबा' कोणत्या तोंडाने म्हणायचे? पहिल्यांदा थांबा म्हटले तेव्हा माझ्या पाठीशी गणित होते. दुसऱ्यांदा म्हणताना मागे काहीही नव्हते. तरीही माझे मत तेच होते, आणि आजही तेच आहे. मी त्या वेळी निर्धाराने थांबलो की केवळ आपली चूक उघडी पडू नये म्हणून हटून बसलो, हे मला दहा वर्षांत निश्चित करता आलेले नाही. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. आतूनही पुष्कळशी सारखीच असतात, असे आता वाटते.

साडेअकराला पाणी चढायचे थांबले, पण उतरेना. भिवाने कुदळ खांद्यावरून खाली घेतली आणि बांधावर रेघ ओढली. "आता आतला आणि भायरचा सारख्या झाला. फोडलो तर खारा पाणी आत येवचा नाय. पुढचा पुढे."

"रातच्या भरतीचा काय?"

"रातच्याक माणसा उभी करूया. पोती टाकूया. तुझ्या वयनीच्या घरात पाणी शिरला, दिसता मां तुका?"

दिसत होते. मी म्हटले, "मी तिका इचारून येतंय." माणसांना ते पटले. ज्याचे घर जाणार त्यालाच विचारावे, यात न्याय आहे, असे सगळ्यांना वाटले. मलाही तसेच वाटते, अशी माझी मी समजूत घातली.

कमरेएवढ्या पाण्यातून गेलो. माजघरात घोट्याच्या वर पाणी होते. वयनी स्वयंपाकघरात चुलीच्या ओट्यावर पाय वर घेऊन बसली होती. सकाळी पाणी चढायच्या आधी तिने सगळे केले होते: वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, खीर, भाजी. ते सारे वरच्या फळीवर केळीच्या पानाने झाकून ठेवले होते. भावाला मुलगा नव्हता. त्याचे पान मांडून कावळ्याला वाडी, म्हणजे श्राद्धाचा घास, दाखवायची ती मीच.

"वाडी दाखवूक इलात?" तिने विचारले.

"नाय. इचारूक इलंय."

"काय?"

"भिवा म्हणता, बांध फोडूया. फोडलो तर तुझा घर वाचतला. पण रातच्या भरतीक खारा पाणी आत येतला. मगे तीन वर्सां भात नाय, कोणाचाच."

तिने मागच्या भिंतीकडे पाहिले. भिंत खालून हातभर ओली झाली होती. ओली माती वेगळ्या रंगाची दिसते. मग माझ्याकडे पाहिले.

"फोडा," ती म्हणाली.

"वयनी, तीन वर्सां."

"आयकलंय मी. फोडा. ह्या घर तुमच्या भावान बांधललां. माका दुसरा घर खंय आसा?"

हे तिचे शब्द. मी तिला माझ्या घरी चल म्हटले. तिने मान हलवून नको म्हटले आणि फळीवरचे पान सारखे केले. आजचे पान मांडल्याशिवाय ती त्या घरातून निघणार नव्हती. मी पान मांडायला थांबलो नाही. परत पाण्यात उतरलो.

बांधावर सगळ्यांनी तोंडे माझ्याकडे वळवली. भिवाने विचारले, "काय म्हणता वयनी?"

मी उत्तर दिले नाही. उघाडीच्या खांबाशी गेलो, वरच्या फळीवर दोन्ही हात ठेवले आणि बसलो. कोणीतरी हळूच म्हणाले, "थांबा म्हटल्यान असतला." कोणीतरी हात जोडले. भिवा माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने कुदळ बांधावर आडवी ठेवली.

फलकावरचे वाक्य जन्मले ते तिथे. विलासने ते रचले नाही, गावाने रचले नाही. माझ्या न बोलण्यातून ते उगवले. इतरांच्या खोट्या गोष्टींवर तुटून पडण्याचा मला नाद आहे, म्हणून हे आधी सांगणे माझ्यावर बंधनकारक होते.

एक वाजण्याच्या सुमारास वारा पडला आणि पाणी बोटभर उतरले. मी फळ्या काढल्या. आतले पाणी जे निघाले त्याचा आवाज असा होता की शेजारच्याचे बोलणे ऐकू येईना. माणसे भिजलेल्या अंगाने एकमेकांना मिठ्या मारत होती. त्या आवाजात खालच्या वाडीतला दुसरा आवाज कोणाला आला नाही. एक बाई चिखलातून धावत आली तेव्हा कळले. मागची भिंत आत बसली होती. भिवाचीच कुदळ घेऊन आम्ही माती उपसली. वयनी जिवंत होती. कमरेचे हाड मोडले होते. दरवाजाच्या फळीवर घालून तिला वर रस्त्यापर्यंत नेले. भिवा पुढे, मी मागे. वाटेत ती कण्हलीसुद्धा नाही. डोळे उघडे होते आणि पाऊस त्यांत पडत होता. मला एक हात मोकळा करता येत नव्हता.

माझ्या भावाला त्या वर्षी पान मिळाले नाही.

भात मात्र उत्तम झाले. चाळीस घरांनी ते कापले, झोडले, खाल्ले. वयनीनेही खाल्ले, माझ्याच घरी. कारण तिचे घर पुन्हा उभे राहायला दोन वर्षे लागली. तोवर ती काठीवर आली होती.

भिवाची गोष्ट निराळी. मी माझे स्वतःचे कुणगे, म्हणजे भाताचे तुकडे, वाचवले, असे तो तिठ्यावर उघडपणे सांगत आला आहे. माझे दोन कुणगे खारात होते, नाकारत नाही. पण ते डोंगराच्या अंगाला, सगळ्यांत उंचावर. तिथवर खारे पाणी पोचले नसते. भिवाचे चार कुणगे थेट बांधाखाली होते. फोडूया म्हणणाऱ्याचे सगळ्यांत जास्त जाणार होते, ही गोष्ट गावात कोणी सांगत नाही. मीही दहा वर्षे सांगितली नव्हती. भांडणात प्रतिपक्षाचा मोठेपणा मोजायचा नसतो, अशी माझी समजूत होती.

इस्पितळात वयनीला बघायला बायका येत. 'गावासाठी केलात,' म्हणून तिच्या पायाला हात लावत. ती काही बोलत नसे. उशाशी मी बसलेला असे आणि ती माझ्याकडे बघत असे. तिने खरे का सांगितले नाही? माझी लाज राखली, की लोकांचा मान तिला बरा वाटला, की माझ्या तोंडून निघावे म्हणून ती वाट बघत होती? मी तिच्या मनातले लिहिणार नाही. कोणी तिच्या तोंडी शब्द घालू नयेत म्हणून तर हा खटाटोप. मग मीच ते करून कसे चालेल?

पाचव्या वर्षीचा हस्त. ती आपल्या नव्या घराच्या ओटीवर भिंतीला टेकून सूप घेऊन बसली होती, तांदळातले खडे वेचत. मी खाली पायरीवर. बाहेर ऊन होते आणि उन्हातच पाऊस. बोलणे सुनंदाच्या सासरचे, काजूच्या मोहोराचे, कशाकशाचे चालले होते. मधेच, मान वर न करता, आवाजही न बदलता ती म्हणाली,

"भावजी, एक इचारू?"

"इचार."

"आयकूचा नाय होता, तर माका इचारूक कित्याक इलात?"

मी गप्प बसलो. बांधावर बसलो होतो तसाच. तिने आणखी दोन खडे काढले, अंगणात टाकले आणि चहा ठेवायला काठी धरून उठली. तो विषय तिने पुन्हा कधी काढला नाही.

लोक मला विचारतात, थांबलात ते बरोबर केलेत का. त्याचे उत्तर मी ठणकावून देऊ शकतो: होय. तशी दुपार पुन्हा आली तर पुन्हा थांबेन. पण वयनीने ते विचारलेच नव्हते. थांबण्याचा हक्क मला होता, फळ्या माझ्या हातात होत्या. तिच्या दारात जाण्याचा नव्हता.

परवा समितीची बैठक झाली. मी उभा राहून सगळे सांगितले; पंचांगातली चूकसुद्धा. विलासचा चेहरा उतरला. सुनंदा मुद्दाम आली होती. ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "काकानू, आयेचा नाव रवांदे मां. इतक्या वर्सांनी कित्याक?" मग कोपऱ्यातून भिवा बोलला. आता त्याला नीट दिसत नाही.

"माका ठावक होता."

"काय ठावक होता?"

"वयनी फोडा म्हणाली ता. तुझ्या तोंडावर लिवलेला होता. थांबा म्हटल्यान असता तर तू लगेच वरडून सांगलं असतंस, तुझो स्वभाव काय माका म्हायत नाय?"

"मगे कुदळ खाली कित्याक ठेवलंस?"

"सख्ख्या वयनीक नाय म्हणून इलेल्या माणसाक मी काय सांगतलंय," भिवा म्हणाला. "तुका आणि वायच तरास नको म्हणून कुणग्याचा बोलत रवलंय. लोक दुसऱ्या कायेक तरी नावां ठेवूदेत."

दहा वर्षे हा माणूस मला झाकत होता आणि मी तिठ्यावर त्याच्याशी भांडत होतो. मी त्याचे आभार मानले नाहीत. आमच्यात तशी पद्धत नाही आणि मला ते जमलेही नसते. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो.

समितीने निर्णय माझ्यावर सोडला आहे. विलासला मी लेखी कळवतो आहे, आणि ते इथेही लिहितो. वयनीचे नाव कोरा. तिचा मान आहे, तिने कंबर दिली. वाक्य कोरायचेच असेल तर तिने उच्चारलेला एकच शब्द कोरा: फोडा. आणि खाली माझे नाव घाला, की याने ऐकले नाही. एवढे कोरायला दगड पुरत नसेल तर नाव तेवढे ठेवा आणि खालची जागा कोरी सोडा. पण 'राखा' म्हणू नका. त्या दुपारी कमरेएवढ्या पाण्यातून मी तिच्याकडे गेलो तो न्यायासाठी गेलो नव्हतो. तिने 'थांबा' म्हणावे, म्हणजे थांबणे तिचे होईल आणि मी फळ्या धरणारा तेवढा उरेन, यासाठी गेलो होतो. तिच्याकडून मला तेवढेच हवे होते, आणि तेवढेच तिने दिले नाही. ते आता तुम्ही मला दगडात कोरून देऊ नका.